नवऱ्यामुलावर लाल दिसतंय

माझा कशावरच विश्वास नाही, आणि त्याचाच मला पगार मिळतो.

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी गेली बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. प्रॉडक्शनवाले माल बनवतात, छातीवर हात ठेवून "एकदम फर्स्ट क्लास" म्हणतात, आणि मी "बघू" म्हणतो. माल पास झाला तर हिरवं लेबल, नापास झाला तर लाल. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरचा चहासुद्धा आधी वास घेऊन पितो. (नयना, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगते की लग्नाआधी मी तिला दोनदा बघायला आलो होतो, एकदा सकाळच्या उजेडात आणि एकदा ट्यूबलाइटखाली. हे खरं आहे.)

तर अशा माझ्याकडे मागच्या वर्षी एक कॅमेरा आला. माझ्या सेक्शनमधला एकजण नोकरी सोडून दुबईला गेला आणि जाताना त्याचा कॅमेरा मला देऊन गेला. मिररलेस, फुल-फ्रेम, दिसायला देखणा. त्याची भिंगं मात्र तो बरोबर घेऊन गेला. चांगलं चालणारं मशीन माणूस मागे का ठेवून जाईल, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. पण भिंगाची सोय माझ्याकडे होती. माझ्या थोरल्या काकांचा पालघरला फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर स्टुडिओ बंद झाला आणि त्यांचं एक जुनं भिंग माझ्या वाट्याला आलं. पन्नास एमएमचं, हातात घेतलं तर वरवंट्यासारखं जड, आणि सगळं हाताने फिरवायचं.

अडचण एवढीच की कॅमेरा एका कंपनीचा आणि भिंग दुसऱ्या कंपनीचं. दोघांची तोंडं एकमेकांना बसेनात. मग दोघांच्या मध्ये घालायची एक रिंग मागवली. लग्नातल्या मध्यस्थासारखं तिचं काम, एका बाजूने याला धरायचं, दुसऱ्या बाजूने त्याला. जोडलं, कॅमेरा चालू केला, बटण दाबलं. फोटो निघेना. पडद्यावर सूचना आली की लेन्स बसवलेली नाही.

"अगं, हा म्हणतो लेन्स नाही," मी नयनाला म्हणालो.

"मग बसवा."

"बसवलीय. ही काय, अर्धा किलोची समोर दिसतेय."

"त्याला ओळख पटत नसेल. तुमचाच कॅमेरा तो."

परकं भिंग कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मेनूत शिरलो. तिथे कारखान्याच्या कॅन्टीनपेक्षा जास्त पदार्थ होते आणि एकाचंही नाव कळत नव्हतं. शेवटी मी वैतागून जिथे जिथे 'ऑफ' लिहिलं होतं तिथे तिथे 'ऑन' करून टाकलं. (माहितीपत्रक वाचायला हवं होतं, हे मला आता सगळं सासर सांगतं.) पुन्हा बटण दाबलं, आणि फोटो निघाला.

फोटो निघाला, पण त्याच वेळी पडद्यावर लाल दिसायला लागलं.

म्हणजे असं, की समोरच्या वस्तूवर बारीक लाल कण नाचत होते. कधी असायचे, कधी नसायचे. भिंग फिरवलं की एका वस्तूवरून उडून दुसरीवर जायचे. आणि सगळ्यात संशयास्पद गोष्ट, काढलेला फोटो उघडून पाहिला की त्यात लालाचा मागमूस नाही. मशीन तोंडाने सांगतं, पण लिहून देत नाही. असली माणसं मी प्रॉडक्शनमध्ये खूप पाहिलीत. मी दुबईला फोन लावला. त्याने उचलला नाही. लागोपाठ तीन दिवस उचलला नाही, तेव्हा माझी खात्री झाली की पाणी कुठेतरी मुरतंय.

मग मी रीतसर तपास सुरू केला. त्या आठवड्यात माझ्या सासूबाई शुगरच्या तपासणीसाठी एडवणहून बोईसरला आमच्याकडे आल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगात बारीक बुंदक्यांचं पातळ. मी कॅमेरा धरला आणि भिंग फिरवलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्या सासूबाई लाल.

"जावईबापू, काय झालं? तोंड का पडलं तुमचं?"

"काही नाही आई. हलू नका."

"मला बगू द्या." त्यांनी नयनाला आपल्या जागी बसवून पडद्यात डोकावलं. नयनाच्या अंगात साधा निळा गाऊन होता. लाल शून्य. सासूबाई पुन्हा जागेवर बसल्या, पुन्हा लाल. त्यांनी विचारलं, "हे लाल माज्याच अंगावर का हाय?"

मला उत्तर सुचलं ते त्याच वेळी, आणि सुचलं नसतं तर फार बरं झालं असतं. कोरोनाच्या काळात आमच्या कारखान्याच्या गेटवर कपाळासमोर पिस्तुलासारखं मशीन धरून ताप बघायचे. ते मशीन जर लांबून ताप ओळखतं, तर त्याच्या कितीतरी पट महागाचं हे मशीन आणखी काही ओळखत नसेल कशावरून? संध्याकाळी सासूबाईंचा रिपोर्ट आला. शुगर वाढलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणखी नमुने घेतले. शेजारचे पाटीलकाका, महिनाभर खोकला, अंगात रेघारेघांचा बुशशर्ट. लाल. वरच्या मजल्यावरचं सहा महिन्यांचं बाळ, धडधाकट, पांढऱ्या दुपट्यात. स्वच्छ. शेवटी मी आरशासमोर उभा राहिलो. आरशाच्या चौकटीवर लाल, आतला मी एकदम स्वच्छ. यानंतर शंका घ्यायचं मला काही कारण उरलं नाही.

"भिंग फिरवलं की लाल एका माणसावरून दुसऱ्यावर जातं म्हणालात," नयना म्हणाली. "मग ते कसं?"

"संसर्ग," मी म्हणालो.

ती भांडी घासायला गेली. सासूबाईंचा मात्र त्या मशीनवर विश्वास बसला. "माज्या शुगरीचं रिपोर्टाआदी सांगितलं त्यानं," असं त्या परत जाताना रिक्षावाल्यालाही सांगून गेल्या.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण पंधरा दिवसांनी माझा मेहुणा हरेश याचा एडवणहून फोन आला. त्याच्या मुलीला, मनालीला, बघायला पाहुणे येणार होते. मनाली सफाळ्याला शाळेत शिकवते, सरळ बोलणारी पोरगी आहे. मुलगा मासवणचा, नाव प्रीतम, नोकरी बोईसरलाच. दोघं आधी एकमेकांना भेटलेली होती आणि दोघांचं जुळलं होतं. बघण्याचा कार्यक्रम नुसता मोठ्यांच्या समाधानासाठी होता. मनालीने नयनाला वेगळा फोन करून सांगितलं, "आत्या, मला हा आवडलाय गं. खरंच आवडलाय. बाबा, आजी सगळे हो म्हणतील. तू फक्त काकांना सांभाळ."

काका म्हणजे मी.

"मुलगा कुठल्या खात्यात आहे?" मी नयनाला विचारलं.

"प्रॉडक्शनमध्ये."

"प्रॉडक्शनवाल्याला मुलगी द्यायची?"

"तुम्ही तिथे फक्त फोटो काढा," नयना म्हणाली. "तोंड उघडू नका."

रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून एडवणला पोचलो. हरेशची वाडी रस्त्याला लागूनच आहे, नारळ, केळी आणि मागे पानवेलींचा मळा. पाहुणे आले होते. प्रीतम, त्याचे वडील आणि आई. प्रीतम उंच, हसरा, नमस्कार वाकून करणारा. (वाकून नमस्कार करणाऱ्यांच्या बॅचेस मी जास्त बारकाईने तपासतो.) वडील धोतर-सदऱ्यातले, कमी बोलणारे. मी कोपऱ्यात उभा राहून कॅमेरा डोळ्याला लावला. वडिलांचा सदरा पांढरा स्वच्छ. आईची मोरपंखी साडी, स्वच्छ. मग मी भिंग प्रीतमकडे वळवलं.

त्याच्या अंगात बारीक चौकडीचा शर्ट होता. गळ्यापासून कमरेपर्यंत लालेलाल. इतकं लाल मी सासूबाईंवरही पाहिलं नव्हतं.

मी भिंग मागे-पुढे फिरवून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, गुडघ्यावर बसून पाहिलं. प्रीतम बिचारा प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसत होता. पंचवीस वर्षांचा पोरगा, आणि आतून हा असा. आणि आमची मनाली चहाचा ट्रे घेऊन आली ती त्याच्याकडेच बघून हसत.

चहानंतर हरेश म्हणाला, "चला, वाडी दाखवतो." पानवेलीच्या मळ्यात चपला घालून जायचं नाही, हा त्या घराचा नियम. सगळ्यांनी मळ्याच्या कडेला चपला काढल्या. प्रीतम बूट-मोज्यांत होता. त्याने बूट काढले आणि मोज्यांपाशी जरा घुटमळला.

"काय झालं?" मी लगेच विचारलं.

"काही नाही काका. मोजा जरा फाटलाय."

मी पायांवर भिंग धरलं. मोजे पट्ट्यापट्ट्यांचे होते. घोट्यापर्यंत लाल. म्हणजे आता पायांतही उतरलं होतं. मी मळ्यात न जाता तसाच मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो आणि हरेशला हाक मारून आत बोलावलं. सासूबाई तिथे पोहे वाढत होत्या.

"हरेश, लग्न थांबव."

"का?"

"मुलात दोष आहे. खालपासून वरपर्यंत. मशीन सांगतंय." मी पडदा दाखवला. खिडकीतून प्रीतम दिसत होता, वेलीखाली उभा, लाल.

हरेश गोंधळला. "अवो, पण दिसतो तर चांगला."

"मीपण दिसत व्हते चांगली," सासूबाई म्हणाल्या. "माज्यावर जेवडं लाल व्हतं ना, त्याच्या दुप्पट हाय हे. मी तर गोळ्या खाते. ह्याला तर इंजेक्शनच लागल." आणि वाढलेले पोहे त्यांनी पुन्हा कढईत ओतले.

सासूबाईंच्या शब्दापुढे त्या घरात कुणाचं चालत नाही. हरेश बाहेर गेला. पाहुणे ओटीवर येऊन बसले होते. तो हात चोळत म्हणाला, "बरं का, आमी जरा विचार करून कळवतो."

बघायच्या कार्यक्रमात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे लहान पोराला विचारलं तरी तो सांगेल. प्रीतमची आई पदर चाळवायला लागली. प्रीतमच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. त्याच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली आणि हरेशला सोडून थेट माझ्याकडे पाहिलं.

"मघापासून बगतो मी. हे पावने फोटो काडतात की माज्या पोराची तपासणी करतात? पोटाचा फोटो, पाठीचा फोटो, आता पायाचा फोटो. तोंडाचा एक नाय. गुरं घेताना पण आमी येवडं बगत नाय."

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"मग कसं हाय?"

तेवढ्यात मनाली आतून आली. तिने सासूबाईंकडून सगळं काढून घेतलं होतं. डोळे भरलेले होते, पण आवाज शाळेतला होता. "काका, काय दिसलं तुम्हाला ह्याच्यात? सगळ्यांसमोर सांगा."

नयनाने कपाळावर हात मारून घेतला. मी सांगितलं. सासूबाईंची शुगर, पाटीलकाकांचा खोकला, बाळ, आरसा, सगळा तपास ओळीने सांगितला. सांगताना मला स्वतःलाच तो फार शास्त्रशुद्ध वाटत होता. ऐकून प्रीतमचे वडील उठायला लागले. प्रीतमने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"काका," तो मला म्हणाला, "ब्लँक लावलं होतं का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लॅबमध्ये कुठलीही तपासणी करताना आधी ज्यात काहीच नाही असा नमुना लावतात. त्याला ब्लँक म्हणतात. त्यातही मशीनने काही दाखवलं, तर दोष मालात नसतो, तपासणीत असतो. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हे शिकवतो. आणि मी माझ्या मशीनला ब्लँक लावलं नव्हतं. हा प्रश्न मला कोण विचारत होतं, तर प्रॉडक्शनवाला.

"जरा त्या नारळावर धरा," प्रीतम म्हणाला.

मी धरलं. खोडाच्या प्रत्येक वळीवर लाल.

"आता त्या सुपावर."

सूप लाल. त्यानंतर चटई लाल, खिडकीची जाळी लाल, केरसुणी तर पेटल्यासारखी लाल.

"केरसुणीला पण शुगर हाय?" प्रीतमच्या वडिलांनी विचारलं. विचारताना ते अजिबात हसले नाहीत.

प्रीतम आत गेला आणि हरेशचा साधा पांढरा सदरा घालून आला. मी भिंग धरलं. पोरगा गळ्यापासून कमरेपर्यंत स्वच्छ. मग त्याने तो चौकडीचा शर्ट माझ्या खांद्यावर टाकला, कॅमेरा हळूच माझ्या हातातून घेतला आणि माझ्यावर धरून पडदा सगळ्यांना दाखवला. मी लाल.

"भिंग हाताने फिरवायचं ना, म्हणून कुठे नीट दिसतंय ते हा लालाने दाखवत असेल," मनाली म्हणाली. "जिथे बारीक रेघा, बुंदके, तिथे जास्त. फोटो धूसर येऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती, काका."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी नेहमी लाल जास्तीत जास्त दिसेल तिथे थांबून बटण दाबायचो, आणि फोटो सुंदर यायचे. ते सुंदर का येतात, हा एकच संशय मला कधी आला नव्हता. आणि आरशाच्या चौकटीवर भिंग जुळवलं, की आतला माणूस धूसर राहणार आणि धूसर माणसावर लाल दिसणारच नाही, हेही त्या ओटीवर उभ्या उभ्या कळलं.

सासूबाईंनी मान खाली घालून विचारलं, "मंग माज्या शुगरीचं?"

"ती तुमची तुम्हाला आहेच आई," नयना म्हणाली. "त्याला कॅमेरा कशाला पाहिजे?"

मला खरोखर लाज वाटली. एका हसऱ्या पोराला मी चौकडीच्या शर्टासाठी आजारी ठरवलं होतं, आणि आमच्या पोरीचं जुळलेलं लग्न मोडायला निघालो होतो. मी प्रीतमच्या वडिलांपुढे हात जोडले. "माझं चुकलं. मुलगा चांगला आहे. तपासणारा वाईट आहे." मनालीकडे बघायचा मला धीर होईना.

वडील मुलाकडे बघून म्हणाले, "काय रे, तुला ही पोरगी पायजेलच हाय ना?"

"हो."

"घरात असला मानूस हाय, हे बगून पण?"

"हो, बाबा."

"मंग आमचं काय म्हणनं नाय," ते हरेशला म्हणाले. "पोहे आना." सासूबाईंनी पोहे पुन्हा कढईतून बशीत काढले, या वेळी वर ओलं खोबरं जास्त घालून. अशी ती सोयरीक पक्की झाली.

आता पक्की झाल्याचा फोटो हवा. सगळे नारळाखाली उभे राहिले. मला ते लाल पुन्हा डोळ्यांसमोर नको होतं, म्हणून मी मेनूत जाऊन ते बंद केलं आणि अंदाजाने भिंग फिरवून चाळीस फोटो काढले. चाळीसच्या चाळीस धूसर. मनाली-प्रीतमच्या लग्न ठरल्याच्या दिवशीच्या फोटोत माणसं कोण हे साड्यांच्या रंगावरून ओळखावं लागतं, आणि नारळाचं खोड मात्र वळीन् वळी मोजता येईल इतकं स्पष्ट आलंय.

पुढे पत्रिका आली. छापील मजकुराखाली मनालीने पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या. 'काका, लग्नाला नक्की या. रिकाम्या हातांनी या, आणि गळ्यातही काही नको.' वाचून मला बरं वाटलं, निदान बोलावलं तरी. पालघरच्या हॉलवर मी अगदी तसाच गेलो. दारात प्रीतमचे वडील उभे होते. मला बघताच ते पुढे आले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली, पाठीवरून, कमरेवरून प्रेमाने हात फिरवला. माझे डोळे पाणावले. आत जाऊन बसल्यावर मी नयनाला म्हणालो, "किती मोठ्या मनाचा माणूस. सगळं विसरले ते."

"विसरले कसले," नयना म्हणाली. "खिसे चाचपत होते."